सात हाका

डोंबिवली पूर्व,
सोमवार, १२ जुलै १९९३

ताई,

घरात पाऊल टाकू नकोस, असं तू मला सांगितलंस. पत्र टाकू नकोस, असं म्हणाली नाहीस. तेवढीच फट ठेवलीस, तेवढ्यातून हे सरकवते आहे. पाकिटावर नाव तुझं आहे, पण तुला अक्षर लागत नाही आणि घरात वाचणारी एकटी सरू. म्हणजे हे तीच तुला वाचून दाखवणार. म्हणून काही गोष्टी लिहिणार नाही. भाचीच्या तोंडून मावशीने स्वतःची बाजू मांडायची, हे बरं दिसत नाही.

तरी थोडी मांडते. स्वभाव कुठे जाईल?

सरूच्या साखरपुड्यात मी जे बोलले, ते एव्हाना सगळ्या बाळकुमला पाठ झालं असेल. कळव्याहून सुधीरकडची माणसं आली होती. त्याचे काका महिपतराव मुंबईत वाढलेले, हौशी. ते आईला म्हणाले, "आवडाबाई, तुम्ही मोठ्या धवलारीण. एखादा धवला कानावर पडू दे की." आई समोरच्या भिंतीकडे बघत बसली होती. मी तिच्या शेजारी होते. म्हटलं, "आई, गा ना." परत म्हटलं. तिसऱ्यांदा जरा मोठ्याने म्हटलं. तिने मानसुद्धा वळवली नाही. पन्नास माणसं बघत होती. लग्नाच्या मांडवात हळदीपासून पाठवणीपर्यंत एकेका विधीचं गाणं जिने कागदाशिवाय म्हटलं, जिच्यावाचून आपल्या गावात तीस वर्षं एक लग्न लागलं नाही, ती बाई गप्प. लोकांना वाटलं असतं, म्हातारीला गर्व चढलाय. म्हणून मी महिपतरावांना समजावून सांगितलं, की तिला विसर पडत चाललाय, आमच्या आजीचंही शेवटी असंच झालं, हे रक्तातून येतं.

मी आईची बाजू सावरायला बोलले, ताई. पंधरा दिवसांनी कळव्याचा निरोप आला, की पुढे मुलीलाही तेच व्हायचं असेल तर आम्हाला नको. दुसऱ्या दिवशी तू माझ्या दारात. आईचं गाठोडं बांधलंस, तिला हाताला धरून उठवलंस आणि जाताना म्हणालीस, "तुज्या जंतांना शिकव अक्कल. आमच्या दारान येऊ नको."

तुझा राग मला कळतो. सरूचं ठरलेलं मोडलं, याचं मला वाईट वाटतं. पण मी खोटं बोलले नाही. दोन वर्षं आई माझ्याकडे होती, मी तिला रोज बघत होते. आणि अशा गोष्टी बघणं हाच माझा धंदा आहे. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते ते पोटासाठी, बाकी वेळ मी आठवण म्हणजे काय हेच शोधत असते. तेव्हा या एका बाबतीत तरी मला खोटी म्हणू नकोस.

आईच्या गुडघ्यांना रात्री तेल लावत जा. बाटली इथेच राहिली आहे.

मंजुळा


रविवार, ३ ऑक्टोबर १९९३

ताई,

उत्तर नाही. मी वाट बघत होते असं नाही, पण पोस्टमन आमच्या जिन्यात आला की कोणत्या मजल्यावर थांबतो ते कान लावून ऐकते. तिसऱ्यापर्यंत फारसा येत नाही.

आज रविवार. एक वाटी भात टाकला, तोही उरला. मागे तू चेष्टा केली होतीस, की मंजी नवऱ्याऐवजी जंत पाळते. ते बशीतले पाहुणे आहेत तरी कसे, हे तुला कधी सांगितलंच नाही. वाचणाऱ्या व्यक्तीला कंटाळा आला तर तिने खुशाल पुढचा भाग सोडावा.

हे पोटातले जंत नव्हेत, मातीतले. तीळसुद्धा यांच्यापुढे मोठा. भिंगाखाली धरलं की आरपार दिसणारा बारीक दोरा वळवळताना दिसतो. काचेच्या बशीत आगर, म्हणजे समुद्री शेवाळाची पूड, शिजवून ओतायचं, थिजलं की त्यावर जिवाणूंचा ठिपका द्यायचा, तेच यांचं जेवण. तीन-साडेतीन दिवसांत अंड्याचा मोठा जंत होतो. सगळ्या अंगात मिळून मज्जापेशी किती, तर तीनशे दोन. आता बशीला टिचकी मार. जंत दचकतो आणि मागे सरकतो. दर दहा सेकंदांनी मारत राहा. तो कमी कमी सरकतो आणि शेवटी लक्षच देत नाही. या टिचकीने आपलं काही बिघडत नाही, एवढं तो शिकला. ते थोडा वेळ लक्षातही ठेवतो. मग विसरतो, आणि पुन्हा दचकतो. ज्याला धड डोकं नाही तो जीव एवढं करतो, ताई. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा रडू आलं होतं, आणि सांगायला जवळ कुणी नव्हतं.

हे शिकणं कोणत्या जनुकात लिहिलेलं आहे, ते मी शोधते आहे. जंतांना एक औषध द्यायचं, त्याने त्यांच्या बीजात कुठेतरी मोडतोड होते. मग त्यांची नातवंडं एकेक करून तपासायची. सव्वा वर्ष तपासली. कॉलेजातले सगळे मला 'जंतवाल्या बाई' म्हणतात ते त्यामुळेच. आणि मग एक सापडला. टिचकी मारली, ढिम्म. त्याला वेगळा काढला, वाढवला. त्याची पोरं ढिम्म, नातवंडं ढिम्म. तारेने डिवचलं तर व्यवस्थित पळतात, म्हणजे लुळी नाहीत. फक्त टिचकीशी त्यांना घेणंदेणं नाही. मी त्या वाणाचं नाव 'मुनी' ठेवलं. मूळ वाणात मिसळू नयेत म्हणून मूळ वाण कॉलेजच्या प्रयोगशाळेत पुढच्या खोलीत रस्त्याच्या बाजूला आणि मुनी मागच्या खोलीत, भिंतीवरच्या फळीवर, असं सोवळं पाळते. मुंबईचे माझे मार्गदर्शक सर फार खूश आहेत. मार्चमध्ये पुण्याला परिषद आहे, तिथे मी हे मांडायचं ठरलं आहे. नंतर पीएच.डी. एक्केचाळिसाव्या वर्षी मिळेल, पण मिळेल.

आता कळलं, मी साखरपुड्यात तसं का बोलले? एक जनुक मोडलं की जीव जगाकडे लक्ष देणं सोडतो, हे मी रोज भिंगाखाली बघत होते. घरी यायचे तर आई तशीच. बेल वाजली तरी उठायची नाही. हाक मारली तरी वळायची नाही. टेपरेकॉर्डर विकत आणला, म्हटलं, आई, सगळे धवले भरून ठेवू या. तिने माइककडे बघितलं आणि पदराने तोंड पुसलं. एक ओळ आली नाही. मी तिला फार जवळून पाहिलं आहे. किती जवळून, ते इथे लिहीत नाही.

तिचा अडकित्ता खिडकीत राहिला आहे. कुणी येणार असेल तर पाठवते.

मंजुळा


गुरुवार, ६ जानेवारी १९९४

ताई,

आपल्या गावातला मोरू येऊन गेला. मानपाड्याला कुठल्यातरी कारखान्यात त्याचं काम होतं, वाटेत सुकटीची पुडी देऊन गेला. "कुणी दिली रे?" विचारलं तर म्हणाला, "तुमच्या घरून." तूच दिली असणार. चिठ्ठी नाही, निरोप नाही, पण सुकट निवडलेली होती, एक काडी सापडली नाही. मी ती कांदा घालून परतली आणि दारं-खिडक्या उघडी ठेवून जेवले. शेजारच्या वहिनींनी नाक धरलं असेल. धरू देत.

मोरूला चहा दिला, बसवून ठेवला. खूप दिवसांनी घरात दुसरा कप निघाला. तो म्हणाला, "आवडाकाकी एकदम झ्याक हाय. परवा खाडीतल्या निवट्यांच्या भावावरून रंगूबाईशी भांडली. माझ्या आज्याचं लगीन कुठल्या साली झालं, ते पन बोलली."

मी त्याला म्हटलं, असं मधूनमधून होतं, जुनं आठवतं, नवं राहत नाही. पुस्तकात आहे. तो बिचारा हो म्हणाला. तो गेल्यावर कप विसळताना मनात आलं, मी खूश का झाले नाही? आई भांडली, भाव केला, साल सांगितलं. दुसरी कुठलीही मुलगी नाचली असती. मी मात्र पुस्तक पुढे केलं.

खरं सांगू? आई तुझ्याकडे बरी असेल, तर माझ्याकडे काय झालं होतं, असा प्रश्न येतो. तो मला नको आहे. त्यापेक्षा रक्तातलं बरं. रक्ताला कुणी दोष देत नाही.

हे वाचून झालं की पत्र चुलीत घाल.

मंजुळा


रविवार, २७ फेब्रुवारी १९९४

ताई,

माझे मुनी खोटे निघाले.

सगळं नीट सांगते, म्हणजे मलाही नीट कळेल. शुक्रवारी दिवसभर माझी प्रॅक्टिकल असतात, म्हणून शुक्रवारी मी जंत कधीच तपासत नाही. आजवर एकदाही नाही. या महिन्यात अकरा तारखेला मुलांची सहल गेली, दिवस मोकळा मिळाला. मुनींची बशी घेतली, टिचकी मारली. सगळे दचकले! पुन्हा मारली, पुन्हा मागे. अगदी मूळ वाणासारखे. मला वाटलं, बशा बदलल्या. शनिवारी पाहिलं, तर पुन्हा ढिम्म. आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही. अठरा तारखेला शुक्रवारी प्रॅक्टिकलच्या मधल्या सुट्टीत मुद्दाम पाहिलं. दचकले.

मी फळीपाशी डोकं धरून उभी. आमचा शिपाई पोपट चहा घेऊन आला आणि त्याने कप त्याच फळीवर ठेवला. म्हणाला, "बाई, आज चहा कसा शांत हाय बघा. रोज हिकडं कप ठेवला की रिंगनं उठत्यात." मी विचारलं, "आज का नाही?" तो माझ्याकडे बघतच राहिला. "शुक्रवार नाय का? एमआयडीसी बंद."

भिंतीच्या पलीकडे डब्यांची झाकणं पाडायचा प्रेस आहे, ताई. शनिवारपासून गुरुवारपर्यंत तो ठोकत असतो. अकरा वर्षं मी त्या खोलीत काम करते आहे, मला तो ऐकूही येत नाही. जंतांनाही येईनासा झाला होता. दिवसभर फळी हादरते, काही बिघडत नाही, मग माझी एक टिचकी ती काय? शुक्रवारी प्रेस थांबला की ते ही सवय विसरायचे आणि दचकायचे. जनुक-बिनुक काही मोडलेलं नव्हतं. मोडलं असतं तर शुक्रवारी कसं जुळलं असतं? खात्री करायला मूळ वाणाची बशी त्या फळीवर ठेवली. दोन दिवसांत तेही मुनी झाले. मुनींना पुढच्या खोलीत नेलं, ते संसारी झाले. सव्वा वर्षापूर्वी सापडलेला तो पहिला जंत बहुधा त्या दिवशी नुसता मरगळलेला होता. त्याला मी मोठ्या काळजीने वेगळा काढला, त्या फळीवर ठेवला आणि पुढचं फळीने केलं. मी सोवळं पाळलं नसतं तर चूक पहिल्याच महिन्यात कळली असती.

नाक्यावरच्या बूथवरून सरांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रागावले नाहीत, तेच लागलं. म्हणाले, "बरं झालं मार्चच्या आधी कळलं." परिषद गेली, पीएच.डी. गेली. कॉलेजात कुणाला सांगितलं नाही. पोपटला मात्र माहीत आहे. तो आता रोज विचारतो, "बाई, आज दचकले काय?"

पण पत्र त्यासाठी लिहीत नाही. तू आईला उचलून नेलंस तेव्हा तू तिची फळी बदललीस. हे मला अठरा तारखेलाच कळलं होतं, फक्त मी ते मनात येऊ देत नव्हते. तिला काही झालं नव्हतं. रक्तात काही नव्हतं. आजी ऐंशीची होऊन गेली, त्या वयात कुणीही चार नावं विसरतं.

एकच कोडं राहतं. माझ्या घरात तर प्रेस नव्हता. तिसरा मजला, खिडकीत चिंच, इतकी शांतता की घड्याळ ऐकू येतं. मग आईला कशाची सवय झाली?

उत्तर मला माहीत आहे. आज लिहवत नाही.

मंजुळा


रविवार, २० मार्च १९९४

ताई,

मी आईची वही ठेवली होती.

लिहिलं एकदाचं. हे मोठ्याने वाचावं लागेल, त्याला माझा इलाज नाही.

ती माझ्याकडे आल्यावर चारेक महिन्यांनी मला वाटायला लागलं, की ती पूर्वीसारखी लक्ष देत नाही. दुसऱ्या कुणी तिच्याजवळ बसून विचारलं असतं, आई, करमत नाही का? मी वही केली. ती खिडकीत बसलेली असायची, मी मागे स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायचे आणि हाक मारायचे, "आई." ती वळली की वहीत खूण. थोड्या वेळाने पुन्हा "आई." पुन्हा खूण. पहिल्या दिवशी ती सात हाकांना वळली. आठवीला वळली नाही. मी आनंदाने वेळ टिपून ठेवली. ताई, मी खरंच आनंदाने टिपून ठेवली. दिवाळीपर्यंत ती तीन हाकांवर आली. पुढच्या उन्हाळ्यात एकीवरही नाही. मी पानाच्या तळाशी लिहिलं, 'स्मृतिभ्रंश, आनुवंशिक?' आणि प्रश्नचिन्ह काही दिवसांनी खोडलं.

त्या सात हाका रोज आठवतात. सातही वेळा ती वळली, माझ्याकडे बघितलं, मी काय म्हणते याची वाट बघितली. आणि मी सातही वेळा काही बोलले नाही. पेन्सिल चालवली.

जंतालाही तेवढंच कळतं, की टिचकीनंतर काही होत नाही. आई तर माणूस, आणि त्यातून धवलारीण. तिला ते आधी कळलं. साखरपुड्यात मी शेजारी बसून तीनदा म्हटलं, "आई, गा ना," तेव्हा तिला वाटलं असेल, मंजीची वही सुरू झाली.

कालच्या शनिवारी कळव्याला गेले. महिपतरावांना गाठलं. त्यांच्या ओट्यावर चार माणसं होती, त्यांच्यासमोर सांगितलं, की मी बोलले ते चूक होतं, आईला काही झालेलं नाही, सरूला काही होणार नाही, माझ्या अर्धवट शास्त्रावर एका मुलीचं लग्न मोडू नका. त्यांनी मला पाणी दिलं. म्हणाले, "बाई, तुम्ही शिकलेल्या. तेव्हा बोललात ते आम्ही खरं धरलं. आता बोलता ते खरं, हे कशावरून?" मग म्हणाले, "आणि सुधीरचं माघात झालं. घणसोलीची मुलगी आहे."

मी ते पाणी प्यायले आणि स्टेशनपर्यंत चालत आले. रस्त्यात रडले, लपवत नाही. जे मोडलं ते आता जोडता येत नाही. आईच्या नावावरचा डाग तरी पुसला जावा, म्हणून गावात कुणी विचारलं तर हे पत्र दाखव.

वही जाळली नाही. जाळली तर मीही विसरेन.

मंजुळा


शनिवार, ९ एप्रिल १९९४

सरू,

आजचं पत्र तुला. पाकिटावर तुझं नाव बघून दचकली असशील. ताईला वाचून दाखवायचं की नाही, ते तू ठरव.

काल शुक्रवारी रजा टाकली आणि ताई पाटी घेऊन ठाण्याच्या बाजारात गेली असेल अशी वेळ साधून बाळकुमला आले. चोरासारखी आले. तू दार उघडलंस आणि बाजूला झालीस. "ये" म्हणाली नाहीस, "जा"ही म्हणाली नाहीस. आपल्या घराची ही रीतच दिसते.

तू मागे विहिरीवर गेल्यावर काय झालं ते तुला माहीत नाही. आई ओट्यावर कोलंबी सोलत होती. मी तिच्या मागे उभी राहिले. म्हटलं, "आई." ती वळली नाही. रस्त्यावर सायकलची घंटी वाजली तर तिने मान वर केली. विहिरीवरून तू "आजी, बादली कुठंय?" म्हणालीस, लगेच उत्तर दिलं. मी पुन्हा म्हटलं, "आई." नाही. तिसरी हाक अगदी ओठांवर आली होती. ती गिळली. एवढं तरी मी जंतांकडून शिकले आहे, की आणखी एक टिचकी म्हणजे सवयीचा आणखी एक थर.

मग मी खाली बसले, टोपलीत हात घातला आणि सोलायला लागले. मी पंचवीस वर्षांत कोलंबी सोललेली नाही. निम्मं मांस सालीबरोबर जात होतं. शेवटी तिने माझ्या मनगटावर चापट मारली.

"अशी सोलतान काय गो, मंजे? कालेजान ह्याच शिकवतान?"

मला हसू आलं आणि त्यातच रडू आलं. विचारलं, "मी आल्याचं तुला कळलं होतं?"

"तुझं पाय मना वलखाला येत नाय?"

"मग मी हाक मारली तेव्हा वळली का नाहीस?"

तिने हातातली कोलंबी पुरी सोलली, ताटलीत टाकली. मग म्हणाली, "तू हाक मारतंस, नि मंग बोलत काय नाय. मी वलून काय करू?"

रागाने नाही म्हणाली. भाव सांगावा तसं म्हणाली. मी सव्वा वर्ष भिंगाखाली जे शोधलं, ते तिने एका वाक्यात सांगितलं आणि पुढची कोलंबी उचलली. नंतर मी साखरपुड्याचंही विचारलं. तिला हसू आलं. "मांडव नाय, हलद नाय, नि धवला गा म्हनं. मी काय रेडिओ हाय?" टेपरेकॉर्डरसमोर ती का बसून राहिली, तेही तेव्हा कळलं. धवला मांडवात उभा राहतो, हे मला लहानपणापासून माहीत होतं, सरू. मी ते विसरले. विसर पडला होता तो मला.

तू पाणी घेऊन आलीस तेव्हा माझे डोळे सुजलेले होते, म्हणून तू परत आत गेलीस. निघताना वेशीपर्यंत मात्र सोडायला आलीस. तिथे जे बोललीस, ते कालपासून कानात आहे.

म्हणालीस, "मावशी, सुकट आजीने पाठवलेली. मंजेला आवडते बोलली, स्वतः बसून निवडली. मी पत्रं सगळी वाचून दाखवली, एक अक्षर नाय सोडलं. वहीचं वाचलं तेव्हा आई उठून खाडीवर गेलेली, संध्याकाळपर्यंत आलीच नाय." मग म्हणालीस, "पाच पत्रं लिहिलीस. त्यांत माझं नाव आहे. सरूचं मोडलं, सरूला काय होणार नाय, सरू वाचणार. एक तरी मला लिहायचंस ना गं? मोडलं ते माझंच होतं."

बस आली, मी चढले. घरी आले तर खिडकीतला अडकित्ता तसाच. तोही द्यायचा राहिला.

सुधीर तुला आवडला होता का, हे मी तुला कधी विचारलं नाही. तू त्याला काही लिहिलं होतंस का, तो काही बोलला होता का, त्या पंधरा दिवसांत तू जेवत होतीस का, काहीच विचारलं नाही. मला महिपतरावांना पटवायचं होतं, ताईला पटवायचं होतं, परिषदेला पटवायचं होतं. तुझं नाव मी पुन्हापुन्हा घेतलं आणि तुझ्याकडे बघितलं नाही. म्हणजे तुझीही एक वहीच केली.

तू अजून वळतेस. काल दार उघडलंस, वेशीपर्यंत आलीस, हे सगळं वाचत इथवर आलीस. किती हाकांपर्यंत वळशील ते मला मोजायचं नाही. मला सातांची भीती वाटते.

पुढच्या शुक्रवारी येईन. ताई घरी असेल अशाच वेळी येईन, ती हाकलेल तर ओट्याखाली उभी राहीन. काय बोलायचं ते ठरवलं आहे. पण तुझ्याशी बोलायचं शुक्रवारपर्यंत ठेवत नाही. ही हाक, आणि हे तिच्या पुढचं.

सरू, माझं चुकलं.

मंजूमावशी